पेठेत राहायला आलात? आधी चौक पाठ करा

दर वर्षी जून-जुलैत पुण्यातल्या आमच्या सदाशिव पेठेत नवे चेहरे दिसायला लागतात. पाठीवर सॅक, एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्या हातात फोन. कुणी स्पर्धा परीक्षेसाठी आलेलं असतं, कुणी कॉलेजसाठी, कुणाची पहिलीच नोकरी असते. बारा वर्षांपूर्वी मीही अशीच अंबाजोगाईहून आले आणि कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन, एका वाड्याच्या माडीवर राहिले. पहिल्या आठवड्यातच मला क्लास शनिवारवाड्याजवळ आहे असं कळलं, आणि मी रस्त्यात विचारत विचारत शनिपाराला जाऊन उभी राहिले. नाव ऐकून दोन्ही एकच असणार असं मी धरून चालले होते. शनिपार बाजीराव रस्त्यावर तुळशीबागेच्या बाजूला आहे आणि शनिवारवाडा त्याच रस्त्याच्या उत्तर टोकाला. मध्ये पंधरा मिनिटांची चाल. तास बुडाला.

त्या संध्याकाळी घरमालकीण काकूंनी मला समोर बसवलं आणि सांगितलं, "अगं, पेठेत रस्त्याचं नाव विचारायचं नाही, चौकाचं विचारायचं." हे एक वाक्य मला नंतर कुठल्याही नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडलं. हा लेख त्याच वाक्याचा विस्तार आहे. पेठांत नव्याने राहायला येणाऱ्यांनी तो सामान लावण्याआधी वाचावा.

येताना: गाडी गावीच ठेवा

माझं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. दुचाकी लगेच आणू नका. निदान पहिले तीन महिने तरी नको. वाड्यांच्या बोळात ती लावायला जागा मिळत नाही आणि रस्त्यावर लावायची तर सम-विषम तारखेच्या पाट्या पाहाव्या लागतात. खरी अडचण मात्र एकेरी वाहतुकीची आहे. शिवाजी रस्ता शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे वाहतो, बाजीराव रस्ता त्याच्या उलट, स्वारगेटच्या बाजूने शनिवारवाड्याकडे. लक्ष्मी रस्ता सोन्या मारुती चौकाकडून अलका चौकाकडे. म्हणजे अप्पा बळवंत चौकातून तुळशीबागेत गाडीने जायचं तर वळसा घ्यावाच लागतो. पायी मात्र बाजीराव रस्त्याने सरळ दक्षिणेला चालत सुटलात की दहा-बारा मिनिटांत पोचता. पेठांची ही रचना गाड्या येण्याच्या दीडशे-दोनशे वर्षं आधीची आहे, माणसाच्या आणि बैलगाडीच्या मापाची. तिच्याशी पायानेच जमतं.

शहरात उतरायचं कुठे, हेही सांगते. मराठवाडा-विदर्भाकडच्या बऱ्याच एसटी गाड्या शिवाजीनगरला येतात, पण ते स्थानक सध्या वाकडेवाडीला आहे. तिथून सामान जास्त असेल तर रिक्षाच करा. कोल्हापूर-साताऱ्याकडून येणारे स्वारगेटला उतरतात. रेल्वेने आलात तर पुणे स्टेशनहून मेट्रोने सिव्हिल कोर्टला या आणि तिथे मार्ग बदलून भुयारी मेट्रो पकडा. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला आणि पेठांतल्या माणसाचं आयुष्य सोपं झालं. कसबा पेठ स्थानक शनिवारवाडा, कसबा गणपती आणि त्या बाजूच्या पेठांसाठी. मंडई स्थानक तुळशीबाग, शुक्रवार पेठ आणि सदाशिव पेठेच्या पूर्वेकडच्या भागासाठी. नारायण पेठ किंवा शनिवार पेठ गाठायची असेल तर दुसऱ्या मार्गावरचं डेक्कन जिमखाना स्थानकही जवळ पडतं. तिथून मुठा ओलांडली की पेठ.

पहिली सकाळ: एक फेरी

सामान लावायचं राहू द्या. पहिल्या दिवशी सकाळी साडेसहा-सातला बाहेर पडा. त्या वेळी दुकानांची शटर खाली असतात, म्हणून इमारती दिसतात. दहानंतर फक्त माणसं आणि गाड्या दिसतात.

अलका चौकातून निघा. पाटीवर त्याचं नाव टिळक चौक आहे, पण विचारताना अलकाच म्हणा. तिथून लक्ष्मी रस्त्याने पूर्वेकडे चालायचं. विजय टॉकीज चौक, कुंटे चौक, गणपती चौक, बेलबाग चौक, हा क्रम मोठ्याने म्हणत गेलात तरी चालेल. मी वहीत लिहून घेतला होता. बेलबाग चौकात शिवाजी रस्ता आडवा येतो. तिथे उजवीकडे वळा आणि मंडईपर्यंत या. मंडईतून पश्चिमेला बाजीराव रस्त्यावर, शनिपाराला, आणि तिथून कुमठेकर रस्त्याने परत अलका चौकात. रमतगमत तास लागेल. ही चौकट एकदा पायांत बसली की सदाशिव, नारायण, शनिवार, बुधवार, शुक्रवार या पाच पेठा तुम्हाला तिच्या आत किंवा तिला लागून सापडतात. कसबा, रविवार, गणेश, नाना, भवानी या पेठा तिच्या पूर्वेला-उत्तरेला. त्या दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवा.

दुसऱ्या दिवशी हीच फेरी उलट्या दिशेने करा. उलट चालल्याशिवाय रस्ता कळत नाही. एकाच दिशेने ओळखलेला चौक समोरून आलात की अनोळखी वाटतो.

पत्ता कसा वाचायचा, कसा विचारायचा

पेठेतला पत्ता म्हणजे घर क्रमांक आणि पेठेचं नाव. '९१५, सदाशिव पेठ' असं काहीतरी. नव्या माणसाला वाटतं, ९१५ म्हणजे ९१४च्या शेजारी. तसं धरून चाललात तर फसाल. क्रमांक जुने आहेत, वाड्यांचे तुकडे पडले, इमारती उभ्या राहिल्या, आणि एकाच क्रमांकाच्या मागे बोळ शिरलेले असतात. म्हणून पत्त्यात 'अमुक देवळाजवळ', 'तमुक तालमीसमोर' हा भाग जास्त महत्त्वाचा. पार्सल मागवताना तो लिहायला विसरू नका. पिनकोडही तपासून लिहा: सदाशिव आणि नारायण पेठेचा ४११०३०, बुधवार आणि शुक्रवारचा ४११००२.

खुणा म्हणजे बहुतेक देव. आणि त्या देवांची नावं अशी आहेत की एकदा ऐकली की विसरता येत नाहीत. सोन्या मारुती सोनारांच्या दुकानांपाशी. पासोड्या विठोबा, कारण तिथे पासोड्या, म्हणजे जाडसर पांघरुणं, विकल्या जात. जिलब्या मारुतीला हलवाई जिलब्यांची माळ घालत, असं सांगतात. खुन्या मुरलीधराचं नाव त्या देवळाच्या स्थापनेवेळी झालेल्या रक्तपातावरून पडलं. याखेरीज उपाशी विठोबा, भिकारदास मारुती, पत्र्या मारुती, गुपचूप गणपती, मोदी गणपती, चिमण्या गणपती, अकरा मारुती. देवाखालोखाल हौद: काळा हौद, बदामी हौद, फडके हौद. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने पेठांना पाणी आणलं गेलं आणि ठिकठिकाणी हौदांत सोडलं गेलं. पाणी भरायला कुणी येत नाही, पण चौकाचं नाव टिकून आहे. त्यानंतर तालमी: गुरुजी तालीम, नगरकर तालीम, निंबाळकर तालीम.

विचारायचं कुणाला? घाईत असलेल्याला नको. फुलवाल्या मावशी, इस्त्रीवाले, पेपरचा स्टॉल, रिक्षा थांब्यावरचे काका, यांना विचारा. 'काका, निंबाळकर तालमीकडे कुठून जाऊ?' एवढं पुरतं. पुणेकर फटकळ असतात असं तुम्ही ऐकलं असेल. माझा अनुभव असा की प्रश्न नेमका असला तर उत्तर नेमकं आणि मनापासून मिळतं. प्रश्न अघळपघळ असला तर आधी प्रश्न दुरुस्त करून मिळतो. एकदा एका आजोबांनी मला रस्ता तर सांगितलाच, वर त्या बोळात शिरल्यावर डावीकडे डोकं सांभाळ, जिना खाली आलाय, हेही सांगितलं. खरंच आला होता.

चालताना

फुटपाथ सगळीकडे मिळेल असं समजू नका. लक्ष्मी रस्त्यावर तो आहे, पण त्यावर विक्रेते असतात, गिऱ्हाइकं थांबलेली असतात, मधेच दुचाकी लावलेली असते. नदीपलीकडच्या जंगली महाराज रस्त्याचा रुंद फुटपाथ पाहिलात की फरक कळेल; तिथे बसायला बाकंसुद्धा आहेत. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद करतात. पुण्यात असाल तर त्या दिवशी नक्की जा. रस्त्याच्या मधोमध चालत दोन्ही बाजूंच्या जुन्या गॅलऱ्या पाहता येतात. लहान मुलं भर लक्ष्मी रस्त्यावर खेळतात. हे रोज का होऊ नये, असं मला दर वर्षी वाटतं आणि मी ते जमेल तिथे बोलून दाखवते.

रस्ता ओलांडताना एकेरी आहे म्हणून एकाच बाजूला बघू नका. दोन्हीकडे बघा, उलट्या दिशेने दुचाकी येते आणि बहुधा हळू येत नाही. ओलांडायला लागलात की मधे थबकू नका, एकसारख्या चालीने जा. गाडीवाला तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने काढतो, तुम्ही दचकून थांबलात की त्याचा अंदाज चुकतो. संध्याकाळी सहा ते साडेआठ बेलबाग चौक आणि मंडईच्या आसपास गर्दी इतकी असते की कामाशिवाय तिकडे जाऊ नये, बोळांनी जावं.

बोळ ही पेठेची खरी मजा. जोगेश्वरीचा बोळ, मुंजाबाचा बोळ ही नावाजलेली, पण बिननावाचे कितीतरी आहेत. दिवसा दोन-तीनदा जाऊन मगच ते रात्रीच्या वाटेत धरा. मुलींना एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. सदाशिव-नारायण पेठेत अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत चालू असतात, त्यामुळे अकरा वाजताही रस्त्यावर मुलंमुली, चहाची गाडी, दिवे असतात. मला इथे रात्री चालताना फारशी भीती वाटली नाही. तरी उशीर झाला की बोळ सोडून मोठ्या रस्त्याने या, आणि परतीची वाट आधीच ठरवून ठेवा. पेरूगेटला पोलीस चौकी आहे, ती कुठे आहे हे पहिल्या आठवड्यात पाहून ठेवा.

पावसाळ्यात नदीकडे लक्ष हवं. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि डेक्कनला जाण्याची जवळची वाट बंद होते. मग लकडी पूल किंवा झेड पूल. पुलावर पाणी चढत असताना 'एवढंसंच आहे' म्हणून उतरू नका. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले वाडेच्या वाडे गेले. म्हाताऱ्या माणसांकडून त्या दिवसाच्या आठवणी ऐका, म्हणजे नदीचं पाणी पाहायला जमलेल्या गर्दीत पुढे घुसायची इच्छा होणार नाही.

पहिला आठवडा: कुठली वस्तू कुठे

पेठांत प्रत्येक वस्तूची आपली आळी आहे, आणि हे कळलं की ऑनलाइन मागवायची सवय आपोआप कमी होते. पुस्तकं, वह्या, जुने प्रश्नसंच अप्पा बळवंत चौकात, ज्याला सगळे एबीसी म्हणतात. दुकानदाराला फक्त परीक्षेचं नाव सांगा, यादी त्यालाच पाठ असते. बल्ब, वायर, एक्स्टेंशन बोर्ड तपकीर गल्लीत. दोरी, खिळे, कुलूप, रंग, ब्रश रविवार पेठेतल्या बोहरी आळीत. तांब्या-पितळेची भांडी घडताना पाहायची तर कसब्यातल्या तांबट आळीत जा. ठोक्यांचा आवाज आधी येतो, आळी नंतर दिसते. जुनी अवजारं, जुनी नाणी, कसलेकसले सुटे भाग बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात.

खोलीसाठी लागणारं बाकी सगळं तुळशीबागेत मिळतं: चहाची गाळणी, पोळपाट, बादली, कानातली, पडद्याचे हूक. पण खरेदी आटोपली की दुकानांच्या मधल्या दारातून आत शिरा. आत राममंदिराचं प्रशस्त आवार आहे. बाहेर कोलाहल आणि आत घंटेचा आवाज. पेशवाईतलं हे मंदिर नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी बांधायला घेतलं. मी परीक्षेच्या निकालाच्या दिवशी तिथे तासभर बसले होते.

भाजीला महात्मा फुले मंडई. १८८६मध्ये ती रे मार्केट या नावाने सुरू झाली, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून. मधला अष्टकोनी मनोरा दुरूनही दिसतो, त्यामुळे वाट चुकलात तर तो शोधा. सकाळी नऊच्या आत गेलात तर भाजी ताजी आणि गाळ्यावरच्या मावशींना बोलायला वेळ. कापडी पिशवी न्या. भाव करायला हरकत नाही, पण पावशेर भेंडीसाठी फार ताणू नका. रोज त्याच गाळ्यावर गेलात की भाव न करताच बरा मिळतो आणि वर कढीलिंब-कोथिंबीर येते.

दुपारी एक ते चार बाहेर पडण्याआधी विचार करा. अजूनही पेठेतली बरीच दुकानं दुपारी बंद असतात आणि आठवड्याची सुट्टीही प्रत्येक भागात वेगळ्या वारी. दाराच्या पाटीवर ते स्वच्छ लिहिलेलं असतं. पाटी पूर्ण वाचा. तुमच्या मनात आलेला प्रश्न तिथे आधीच लिहून त्याचं उत्तरही दिलेलं असेल.

खाणं आणि बसणं

मेस ठरवताना आधी तीन ठिकाणी एकेक दिवस जेवा, मग महिन्याचे पैसे भरा. मी पहिल्याच दिवशी एका मेसला पूर्ण महिन्याचे पैसे देऊन बसले आणि दुसऱ्या आठवड्यापासून आमटीत डाळ शोधावी लागली. मेस खोलीपासून पाच मिनिटांच्या आत हवी. पावसात दहा मिनिटंही लांब वाटतात आणि मग जेवण टळतं.

चहा अमृततुल्यात घ्या. पितळी पातेल्यात दूध, साखर, चहा, आलं-वेलची एकत्र उकळून फडक्याने गाळलेला हा चहा उभ्यानेच प्यायचा. मिसळीच्या बाबतीत पेठेत तट आहेत. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळाकडची बेडेकरांची थोडी गोडसर, तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनची वेगळी. मराठवाड्याच्या जिभेला दोन्ही पहिल्यांदा सौम्य वाटतात. मला बेडेकरांची आवडायला वर्ष लागलं, आता मी तिचीच बाजू घेते. उन्हाळ्यात निंबाळकर तालमीपाशी मस्तानी, म्हणजे वर आइस्क्रीम घातलेला घट्ट मिल्कशेक.

अभ्यासाला अभ्यासिका आहेतच, पण ग्रंथालयाचं सभासदत्वही घ्या. पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, पुणे मराठी ग्रंथालय १९११चं, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. १८४८ हेच मुलींच्या पहिल्या शाळेचंही साल. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी ती बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात सुरू केली. जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडली. दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला गेलात की समोरच ती जागा आहे. बरेच जण तिच्याकडे पाठ करून फोटो काढतात. तुम्ही तिकडेही वळून बघा.

संध्याकाळी डोकं शिणलं की पर्वती. १०३ पायऱ्या, दमछाक होईल इतक्या आणि हुरूप राहील इतक्या. सदाशिव पेठेतून पायथ्यापर्यंत चालत अर्धा तास, वाटेत सारसबाग. वरून पाहताना कुठली पेठ कुठे हे ओळखायचा प्रयत्न करा, पहिल्या फेरीतले चौक आठवून. ऑगस्ट-सप्टेंबरात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांमधल्या स्पर्धेच्या एकांकिका होतात, आणि एप्रिल-मेमध्ये टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला. दोन्हीकडून रात्री चालत परत येताना रस्त्यात जी चर्चा होते ती गाडीवर होत नाही.

पालखी आणि गणपती

आषाढी वारीला निघालेल्या पालख्या ज्येष्ठात पुण्यात मुक्कामाला येतात. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात, माउलींची भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात. त्या दिवशी चालतच जा, दुसरा मार्गही नसतो. वारकऱ्यांना पाणी, चहा वाटणाऱ्या एखाद्या मंडळात हात लावायला उभे राहिलात तर कुणी नाव-गाव न विचारता तुम्हाला सामील करून घेतील.

गणपतीच्या दहा दिवसांत संध्याकाळनंतर मधले रस्ते गाड्यांना बंद होतात आणि सगळं शहर पायी चालतं. मानाचे पाच गणपती एका सकाळी पायी होतात: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. सात वाजता कसब्यापासून सुरुवात करा, रांगा नसतात. विसर्जनाचं गणित मात्र वेगळं. मिरवणुका लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर रस्त्यांवरून एकाच वेळी निघतात आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतात. तुमची खोली या रस्त्यांच्या मधे असेल तर तुम्ही चोवीस तासांहून जास्त वेळ बेटावर राहता. आदल्या संध्याकाळी दूध, भाजी, पाण्याची बाटली, डोकेदुखीची गोळी आणून ठेवा. दुसऱ्या दिवशी कुणाची परीक्षा किंवा गाडी असेल तर त्याने आदल्या रात्रीच नदीपलीकडे मित्राकडे मुक्कामाला जावं. ढोलांनी काचा थरथरतात, म्हणून खिडकीतल्या कुंड्या आत घ्या.

काकूंच्या वाड्यात त्या दिवशी पहाटे चारला सगळ्यांसाठी उपमा होत असे. तुमच्या घरमालकीण विचारतील तेव्हा लाजू नका, डबा घेऊन खाली जा.